मूल या गटात आलं कसं?

तुझा संशोधन आराखडा वाचला. विषय मनापासून आवडला. पाचवीच्या मुलांना शाळेत रोज गोष्ट वाचून दाखवली तर त्यांचं स्वतःचं वाचन सुधारतं का, हे शोधण्यासारखंच आहे. संदर्भ साहित्याचा आढावाही तू मन लावून घेतला आहेस. पण तिसऱ्या प्रकरणात लिहिलंस की 'अ' तुकडीवर प्रयोग करणार, 'ब' तुकडी नियंत्रित गट, मग पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि टी-चाचणी. तिथे मी थांबले. आराखडा विद्यापीठात जाण्याआधी तुझ्या आत्याचं थोडं ऐकून घे. मी सांगणार आहे त्यातलं बरंचसं माझ्या सरांकडून आलेलं आहे, आणि काही पुढे वर्षानुवर्षं इतरांचे प्रबंध तपासताना कळत गेलेलं.

सर कुठलाही तक्ता समोर आला की पहिल्यांदा विचारायचे, "पोर या गटात आलं कसं?" सरासरी नंतर, प्रमाण विचलन नंतर, टी-मूल्य अगदी शेवटी. या एका प्रश्नाचं उत्तर चोख असेल तर साधी वजाबाकीसुद्धा खरं बोलते. ते चोख नसेल तर एसपीएसएसमधून काढलेली पानंच्या पानं काही कामाची नाहीत.

ज्या टी-चाचणीवर तुझी भिस्त आहे, ती काढणाऱ्याचाच दाखला देते. विल्यम गॉसेट हा माणूस डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होता आणि 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहायचा. 1930 साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरमध्ये 67 शाळांतल्या 20,000 मुलांवर एक प्रयोग झाला. शाळेत दूध दिल्याने मुलांची वाढ चांगली होते का, हा प्रश्न. फेब्रुवारी ते जून 10,000 मुलांना रोज पाऊण पिंट, म्हणजे साधारण सव्वाचारशे मिलिलिटर दूध मिळालं; निम्म्यांना कच्चं, निम्म्यांना पाश्चराइज्ड. उरलेल्या 10,000 मुलांना शाळेतून दूध नाही. सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांचं वजन-उंची मोजली.

गट पाडले ते काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून, काही ठिकाणी नावांच्या अक्षरक्रमाने. इथवर ठीक होतं. पण एखाद्या गटात धडधाकट किंवा खंगलेली मुलं जास्त गेली आहेत असं वाटलं, तर मुलांची अदलाबदल करून गट सारखे करायची मुभा शाळांना होती. आता कुठल्या शिक्षकाचा हात उपाशी मुलाला दुधाच्या गटात घालायला पुढे होणार नाही? गॉसेटने 1931 साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात दाखवून दिलं की नियंत्रित गटातली मुलं मुळातच सरस होती. वजनात सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीत सुमारे चार महिन्यांच्या वाढीइतकी ती पुढे होती. शिवाय वजन अंगावरच्या कपड्यांसकट घेतलं होतं. फेब्रुवारीत कडाक्याची थंडी, जूनमध्ये उन्हाळा. सुस्थितीतल्या मुलांच्या अंगावरून जाड लोकरी कपडे उतरले, गरिबांच्या अंगावर थंडीतही फारसं काही नव्हतंच. म्हणजे ज्या गटात खातीपिती मुलं जास्त, त्या गटाचं वजन कपड्यांमुळेच कमी वाढलेलं दिसणार. गॉसेटने सुचवलं की हाच प्रयोग एकसारख्या जुळ्यांच्या 50 जोड्यांवर केला असता तर कितीतरी कमी खर्चात जास्त भरवशाचं उत्तर मिळालं असतं.

या प्रयोगात कुणी लबाडी केली नव्हती, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिक्षकांची माया आकड्यांत शिरली. बायस म्हटलं की एमएडची मुलं संशोधकाच्या मनातल्या पूर्वग्रहाचा विचार करतात. तोही असतो. पण मी पाहिलेले प्रबंध बिघडले ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी चांगुलपणामुळे, नाहीतर शाळेच्या सोयीमुळे. मुख्याध्यापक आपुलकीने सांगतात, "मॅडम, अ तुकडी घ्या, ती मुलं छान सहकार्य करतात." आणि प्रयोग तिथेच संपतो.

नमुना मोठा घेतला की सगळं निभावतं, ही समजूतही सोडून दे. नमुना वाढवला की कमी होतो तो योगायोगाने येणारा चढउतार, आणि तोही वर्गमुळाच्या हिशेबाने: चौपट मुलं घेतलीस तर निम्मा. गट पाडताना शिरलेला बायस मात्र 60 मुलांत जेवढा, तेवढाच 20,000 मुलांत. उलट नमुना मोठा असला की चुकीच्या उत्तरावर आपला विश्वास जास्त बसतो.

आता तुझ्या दोन तुकड्यांकडे ये. 'अ' तुकडीत मुलं आली कशी? कुठे गुणांवरून, कुठे सेमी-इंग्रजीमुळे, कुठे अमुक बाईंच्याच वर्गात घाला म्हणून पालकांनी धरलेल्या आग्रहामुळे. त्यात 'अ'ला तू स्वतः गोष्टी वाचून दाखवणार, तेही उत्साहाने, आणि 'ब'ला शाळेच्या बाई नेहमीसारखं शिकवणार. शेवटी जो फरक दिसेल तो गोष्टींचा, तुझ्या उत्साहाचा, की मुळातल्या तुकडीचा? प्रत्येक बाजूला एकच तुकडी असेल तर हे तीन धागे कुठल्याही गणिताने सुटे होत नाहीत. अँकोव्हा लावूनही होत नाहीत.

शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण एकाच भांड्यातली शंभर शितं चाचपली तरी कळतं ते त्याच भांड्याबद्दल. एका तुकडीतल्या मुलांची बाई एक, गाव एक, खिडकीबाहेरचा रस्ता एक. त्यामुळे ती एकमेकांसारखी असतात, आणि तिसावं मूल तुला पहिल्या मुलाइतकं नवं काही सांगत नाही. याचा हिशेब लेस्ली किश यांनी सोप्या सूत्रात बसवून ठेवला आहे: तुकडीतल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करायचा, त्याला आंतरवर्ग सहसंबंधाने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. तुकडीत 30 मुलं आणि सहसंबंध 0.2 धर. शालेय गुणांच्या बाबतीत हा आकडा मुळीच विरळा नाही. उत्तर 6.8 येतं. म्हणजे 20 तुकड्यांतली 600 मुलं मोजलीस तरी माहिती मिळते ती सुट्या सुट्या निवडलेल्या 88 मुलांइतकीच. हे न पाहता टी-चाचणी 600 वर चालवलीस तर सार्थक फरक सापडण्याची शक्यता खूप वाढते, आणि तो खोटा असू शकेल.

इंग्लंडमध्ये नेव्हिल बेनेट यांनी 1976 साली शिक्षकांच्या अध्यापनशैलींवर पुस्तक लिहिलं. शिस्तबद्ध, पारंपरिक पद्धतीने शिकवलेली मुलं जास्त प्रगती करतात, असा त्याचा निष्कर्ष होता आणि त्यावर तिकडे खूप चर्चा झाली. पुढे 1981 साली मुलं तुकड्यांत विभागलेली आहेत हे धरून त्याच माहितीचं पुन्हा विश्लेषण झालं, आणि शैलींमधले ते फरक सार्थक उरले नाहीत. या फेरतपासणीच्या लेखकांत बेनेट स्वतः होते. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

मग करायचं काय? दोन तुकड्यांऐवजी सोळा छोट्या शाळा घे. प्रत्येक शाळेतल्या पाचवीच्या शिक्षकांना तू शिकव आणि गोष्टी त्यांना वाचू दे. म्हणजे तुझा उत्साह हे वेगळं कारण उरणार नाही. शाळांच्या आठ जोड्या लाव. पटसंख्या, मागच्या वर्षीचा वाचनस्तर आणि गावापासून हमरस्ता किती लांब, एवढं जुळलं तरी पुरे. मग प्रत्येक जोडीत चिठ्ठी. एका शाळेत गोष्टी आत्ता सुरू, दुसरीत दिवाळीनंतर. चिठ्ठी तुझ्या खोलीत टाकू नकोस. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, सगळ्यांसमोर टाक. कुणाला कुरकुर करायला जागा राहत नाही, आणि अमुक शाळेला आधी द्या हो, असं कुणी मायेने म्हणालं तरी तुझे हात बांधलेले राहतात. चिठ्ठी एकदा निघाली की तिला हात लावायचा नाही. लॅनार्कशायरला नेमका तोच हात लागला होता.

या रचनेचं विश्लेषणही किती सोपं होतं बघ. बहुस्तरीय प्रतिमान लावता येईल, 'आर'मध्ये त्याची सोय आहे. पण शाळा थोड्या असताना त्यातली प्रमाण त्रुटी खूपदा लहान दिसते. त्यापेक्षा प्रत्येक शाळेची सरासरी काढ आणि जोडीतला फरक घे. आठ फरक हातात येतील. आठ जोड्यांत चिठ्ठ्या पडण्याचे एकूण मार्ग 256. गोष्टींचा काहीच परिणाम नसताना आठही जोड्यांचे फरक एकाच बाजूला झुकण्याची शक्यता 256 मध्ये 2, म्हणजे 0.008. हे रोनाल्ड फिशर यांच्या विचारातून आलेलं आहे आणि वहीत मांडता येतं. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांना तू फळ्यावर उकलून दाखवू शकशील.

कुणी म्हणेल, चिठ्ठीने काही मुलांना वंचित ठेवणं अन्यायाचं आहे. त्यांना मुंबईचं उदाहरण सांग. 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास 2001 पासून मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत झाला. वस्तीतलीच थोडीफार शिकलेली मुलगी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्यांची आखणी अशी केली की काही शाळांत बालसखी एका इयत्तेला मिळाली, उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. रिकाम्या हाताने कुणी राहिलं नाही, आणि प्रत्येक इयत्तेला तुलनेसाठी जोडीदार मिळाला. पहिल्या वर्षी गुणांत 0.14 प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली, दुसऱ्या वर्षी 0.28. हे आकडे बालसखीकडे गेलेल्या मुलांपुरते काढलेले नव्हते, सबंध वर्गाचे होते. कार्यक्रम संपल्यावर एका वर्षाने ती वाढ 0.1 च्या आसपास उतरली, तेही त्यांनी 2007 च्या निबंधात नोंदवून ठेवलं.

सबंध वर्गाचे आकडे का, तेही समजून घे. तुझ्या सोळा शाळांपैकी एखादीत गुरुजींची बदली होईल आणि गोष्टी बंद पडतील. तुला वाटेल, ही शाळा आता प्रयोगातून काढून टाकू. काढू नकोस. चिठ्ठीने ती ज्या गटात पडली त्याच गटात ती शेवटपर्यंत मोजायची. ज्या शाळा नेटाने टिकल्या त्या मुळातच बऱ्या चाललेल्या असतात. फक्त त्यांनाच मोजलंस तर आपण चिठ्ठीने बाहेर काढलेला बायस मागच्या दाराने आत घेतल्यासारखं होईल.

आता ज्याने मी सगळ्यात जास्त प्रबंध वाया गेलेले पाहिले, ते सांगते. उपचारात्मक अध्यापन. पूर्वचाचणीत सगळ्यात कमी गुण मिळालेली मुलं निवडायची, त्यांना महिनाभर शिकवायचं, उत्तरचाचणी घ्यायची, आणि गुण वाढले म्हणजे पद्धत परिणामकारक. वर्गाची सरासरी 50 धर. निवडलेल्या मुलांची सरासरी 25. दोन चाचण्यांतला सहसंबंध 0.6. मधल्या काळात कुणी काहीही शिकवलं नाही, तरी याच मुलांची पुढच्या चाचणीतली अपेक्षित सरासरी 35 येते. कारण 25 गुण मिळवणाऱ्यांत खरोखर कच्ची मुलं होती, तशी त्या दिवशी ताप असलेली, प्रश्न वाचताना ओळ चुकलेली, घरी भांडण पाहून आलेलीही होती. पुढच्या वेळी त्यांचा तेवढा वाईट दिवस नसतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं होतं. हे दहा गुण कुठल्याही पद्धतीचे नाहीत. उपाय एकच: निवडलेल्या कच्च्या मुलांतच चिठ्ठी टाकून दोन भाग करायचे. मूळ सरासरीकडे सरकणं दोन्ही भागांत सारखंच होईल, आणि त्याहून जे जास्त दिसेल ते शिकवण्याचं.

हेच जरा वेगळ्या रूपात अमेरिकेत घडलं, आणि त्याचे परिणाम गरीब मुलांना भोगावे लागण्यासारखे होते. तिथे 1965 साली गरीब घरांतल्या बालकांसाठी 'हेड स्टार्ट' हा कार्यक्रम सुरू झाला. 1969 साली आलेल्या वेस्टिंगहाउसच्या मूल्यमापनाने सांगितलं, फायदा फारसा नाही. दुसऱ्या वर्षी डोनाल्ड कॅम्पबेल आणि आल्बर्ट अर्लबाखर यांनी दाखवलं की अशा जुळवलेल्या तुलनांतून उपयोगी कार्यक्रमसुद्धा घातक दिसू शकतो. ते कसं होतं, हे मी तुला आपल्याकडच्या उदाहरणाने सांगते. आश्रमशाळेतली आणि शहरातल्या शाळेतली मुलं घे आणि पूर्वचाचणीत प्रत्येकी 40 गुण असलेल्यांच्या जोड्या लाव. आश्रमशाळेत ज्याला 40 मिळाले तो तिथल्या सरासरीच्या वरचा, शहरात 40 मिळालेला तिथल्या सरासरीच्या खालचा. पुढच्या चाचणीत दोघंही आपापल्या सरासरीकडे सरकतात. एक खाली येतो, दुसरा वर जातो. मग निष्कर्ष निघतो की आश्रमशाळेतल्या उपक्रमाने नुकसान केलं. पूर्वचाचणीचे गुण जुळवले म्हणजे मुलं जुळली असं नाही.

कधी कधी चिठ्ठी टाकताच येत नाही. शिकवणीला जाणारी मुलं पुढे असतात का, हा प्रश्न घे. कुणाला शिकवणीला पाठवायचं ते तू ठरवू शकत नाहीस. अशा वेळी पॉल रोझेनबॉम आणि डोनाल्ड रुबिन यांनी 1983 साली मांडलेली प्रॉपेन्सिटी स्कोअरची पद्धत उपयोगी पडते. घरचं उत्पन्न, आईचं शिक्षण, आधीचे गुण यांवरून प्रत्येक मूल शिकवणीला जाण्याची शक्यता काढायची, आणि सारख्या शक्यतेची जाणारी आणि न जाणारी मुलं समोरासमोर ठेवायची. जुळवणी झाली की दोन्ही गटांतला प्रत्येक बाबतीतला फरक प्रमाण विचलनाच्या भाषेत मांड. तो 0.1 च्या खाली असावा. इथे सार्थकता चाचणी लावू नकोस, कारण मुलं गाळली की नुसत्या कमी संख्येनेही फरक 'असार्थक' होतो. ज्यांना समोर जोडीदारच नाही अशी मुलं ओढूनताणून बसवू नकोस. शिकवणी सुरू झाल्यानंतर बदललेली कुठलीही गोष्ट, उदाहरणार्थ घरच्या अभ्यासाचे तास, जुळवणीत घेऊ नकोस. आणि वाचकाला स्पष्ट सांग की ही पद्धत फक्त मोजलेल्या गोष्टी जुळवते. मुलामागे बसून अभ्यास घेणारी आजी तुझ्या प्रश्नावलीत नसेल, तर ती जुळणार नाही.

याहून मला आवडते ती कट-ऑफची रीत. डोनाल्ड थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल यांनी 1960 साली अमेरिकेतल्या गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या संदर्भात ती पहिल्यांदा वापरली. कट-ऑफच्या अगदी वर आणि अगदी खाली असलेली मुलं जवळजवळ सारखीच असतात. एक-दोन गुण इकडेतिकडे होणं हा बराचसा योगायोग. म्हणून तिथल्या उडीला शिष्यवृत्तीचा परिणाम म्हणता येतं. पण आपल्याकडे ही रीत 35 गुणांवर वापरू नकोस. 33 आणि 34 वाल्यांना आपले परीक्षक 35 वर नेऊन ठेवतात, आणि कुणाला न्यायचं ते उत्तरपत्रिका पाहून ठरवतात. गुणांचा आलेख काढलास तर 35 वर एकदम ढीग आणि त्याच्या जरा खाली खड्डा दिसेल. असा ढीग दिसला की ती जागा सोडून द्यायची.

इथवर गटात आलेल्या मुलांचं झालं. गटातून गेलेल्या मुलांसाठीही तोच प्रश्न विचारायचा. बीडच्या शाळांत जूनमध्ये पूर्वचाचणी आणि मार्चमध्ये उत्तरचाचणी ठेवलीस, तर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं दुसऱ्या चाचणीला नसतात. उरलेल्यांची सरासरी वाढते आणि आपण खूश होतो. म्हणून आधी वेळापत्रक बदल. दोन्ही चाचण्या दिवाळीच्या आत बसव. नंतर गैरहजर मुलांना घरी गाठ. 'असर'चं सर्वेक्षण 2005 पासून शाळेत न करता घरोघरी जाऊन करतात ते उगाच नाही. शाळेत गेलं तर त्या दिवशी हजर असलेलं मूलच भेटतं. तरीही काही सुटतीलच. त्यांच्या पूर्वचाचणीचे गुण दोन्ही गटांसाठी वेगळ्या तक्त्यात दे. रुबिन यांची बहुविध पूर्तीची पद्धत चांगली आहे, पण मूल का गेलं याचा काही माग आपल्या माहितीत असेल तरच. गेलेल्याच्या जागी वर्गाची सरासरी भरून टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग; त्याने पसारा खोटाच आकसतो.

उत्तरपत्रिका तू स्वतः तपासू नकोस. तू प्रामाणिक आहेस हे मला ठाऊक आहे, पण कुठली शाळा कुठल्या गटात आहे हे माहीत असलेला डोळा अर्धा गुण कुठे द्यायचा ते नकळत ठरवतो. फिलिप हार्टॉग आणि ई. सी. रोड्स यांनी 1935 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासाच्या 15 उत्तरपत्रिका 14 परीक्षकांनी वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासल्या. 210 निकालांपैकी 92 बदलले. तेच परीक्षक, तेच पेपर. आपल्या देशातही रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर जात चिठ्ठीने ठरवून लिहिली, तेव्हा तथाकथित खालच्या जातीचं नाव असलेल्या पेपरांना 0.03 ते 0.08 प्रमाण विचलन कमी गुण मिळाले. फरक लहान दिसतो, पण तो मुलाच्या उत्तरातून आलेला नाही. म्हणून मुखपृष्ठ काढ, नुसता क्रमांक ठेव, सगळ्या शाळांचे पेपर एकत्र पिसून दोन तपासनीसांना दे, आणि त्यांचं एकमत कोहेनच्या कप्पाने मोज.

वाचनाची चाचणी कुठून घेतेस तेही बघ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिचाचण्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतल्या तेव्हा नुसतं भाषांतर करून भागलं नव्हतं. तुझ्या शाळांत घरी अहिराणी बोलणारी मुलं असतील. एकूण गुण सारखे असलेली अहिराणी आणि प्रमाण मराठी बोलणारी मुलं समोरासमोर ठेव आणि एखादा प्रश्न एका गटाला सतत अडतो का ते पाहा. मँटेल-हेन्झेल पद्धतीने हे सहज होतं. असा प्रश्न निघाला तर तो वाचन मोजत नाही, घरची भाषा मोजतो.

आणि एक. पाच उपचाचण्या, मुलगे-मुली वेगळे, ग्रामीण-निमशहरी वेगळे, म्हणजे 20 तुलना. कुठेच काही परिणाम नसला तरी 0.05 पातळीवर त्यांतली निदान एक सार्थक निघण्याची शक्यता सुमारे 64 टक्के, त्या तुलना एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर. म्हणून मुख्य फलित एकच ठरव, माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेव आणि ओपन सायन्स फ्रेमवर्कवर तारखेसह नोंदव. बाकीचं जरूर बघ, पण त्याला शोधक तुलना म्हण आणि होल्मची दुरुस्ती लाव.

फरक शून्याजवळ निघाला तर घाबरू नकोस. थिओडोर स्टर्लिंग यांनी 1959 साली मानसशास्त्राच्या चार नियतकालिकांत सार्थकता चाचणी वापरलेले निबंध तपासले, तर त्यांतल्या 97 टक्क्यांनी शून्य परिकल्पना नाकारलेली होती. जे नाकारू शकले नाहीत ते संशोधकांच्या खणात पडून राहिले. 2015 साली मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत सार्थक निकाल परत मिळाला. तू विश्वास अंतराल लिही: परिणाम इतक्यापासून इतक्यापर्यंत कितीही असू शकतो. तुझं अंतराल अरुंद असेल तर 'गोष्टींनी चार महिन्यांत फारसा फरक पडत नाही' हेही पुढच्या मुलीला उपयोगी पडणारं ज्ञान आहे, आणि मी स्वतः तुझ्या गाइडशी त्याबद्दल बोलायला तयार आहे.

सध्या एवढं कर. तीन-चार केंद्रांतल्या शाळांची यादी केंद्रप्रमुखांकडून आण. बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच असतात, त्या आधीच वगळ. प्रत्येक शाळेसमोर पाचवीचा पट, शिक्षकांची संख्या, मागच्या वर्षीची वाचनाची नोंद आणि दिवाळीनंतर किती मुलं स्थलांतर करतात तो आकडा हवा. जोड्या लावायला आपण मिळून बसू. चिठ्ठी मात्र तू किंवा मी उचलायची नाही, मुख्याध्यापकांना उचलू दे.